संध्याकाळचं दूध

गायीला सुट्टी देता येत नाही. ऑफिस, शाळा, एसटी सगळं बंद ठेवता येतं; सर्व्हरसुद्धा रात्री दोन वाजता मेंटेनन्ससाठी खाली घेता येतो. गाय मात्र सकाळी पाचला आणि संध्याकाळी पाचला दूध देणार, आणि ते काढावंच लागणार. नाही काढलं तर कास ताठते, गाय ओरडते, दगडी व्हायची भीती असते. आणि काढलेलं दूध उन्हाळ्यात चार-पाच तासांत हातचं जातं.

माझं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे डेटा येण्याचा वेग आणि तो पुढे उचलला जाण्याचा वेग जुळत नसला, की मध्ये बफर ठेवतात. येईल ते तिथं थांबतं आणि सवडीनं पुढे जातं. 2020च्या उन्हाळ्यात आमच्या घरी दुधासाठी असा बफर उभा करायची वेळ आली. तो कशाचा बनतो आणि त्याचं बिल कोण भरतं, हे मला 38 दिवस अगदी जवळून बघायला मिळालं.

संगमनेर तालुक्यात आमचं गाव आहे. तेव्हा गोठ्यात चार दुभत्या एचएफ गाई होत्या. सकाळचं 26 लिटर, संध्याकाळचं 22. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार. हो, आमच्याकडे त्याला पगारच म्हणतात, कारण घरात नियमित येणारा पैसा तेवढाच. माझं नोकरीचं दुसरं वर्ष होतं. 21 मार्चला मी हिंजवडीहून लॅपटॉप घेऊन घरी आले. चार दिवसांनी, नेमक्या पाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्याच आठवड्यात दूध उत्पादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला: संध्याकाळचं संकलन पुढील सूचनेपर्यंत बंद. सकाळच्या दुधाचा दरही 31 रुपयांवरून 20वर आला.

शहरातल्या मैत्रिणींना याचं नवल वाटलं. लोक घरात बसून आहेत, मग दूध जास्तच लागत असेल ना? पण घरातला माणूस पिऊन पिऊन किती दूध पिणार! चहाच्या टपऱ्या, हॉटेलं, मिठाईची दुकानं, लग्नातलं पनीर, आइस्क्रीम हे सगळं एका रात्रीत थांबलं होतं. गाई थांबल्या नव्हत्या.

पहिल्या संध्याकाळी 22 लिटरचं काय करायचं यावर फार चर्चा झाली नाही. आईनं सगळं तापवून विरजलं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा 22 लिटर आले. तेव्हा तिनं तीन दगड मांडून चूल केली, माळ्यावरची मोठी लोखंडी कढई काढली आणि म्हणाली, “आटवायला घेऊ.”

दूध टिकवायचं म्हणजे बहुतेक वेळा त्यातलं पाणी घालवायचं. गायीच्या दुधात शंभरातले 87 भाग पाणीच असतं, आणि दूध नासवणाऱ्या जिवाणूंना हेच पाणी लागतं. जितकं पाणी काढाल तितके दिवस मिळतात. खव्यात थोडं पाणी उरतं, म्हणून तो उन्हाळ्यात बाहेर दोन-तीन दिवसच टिकतो. चक्क्यात जास्त उरतं. तो आंबटपणावर आणि फ्रीजवर तगतो. तुपात पाणी जवळजवळ नसतंच, म्हणून तूप महिनोन् महिने बरणीत बसून राहतं. कुठलाही पदार्थ निवडा, तुम्ही दुधाच्या बदल्यात दिवस विकत घेत असता.

त्या दिवसांची किंमत मात्र दरवेळी वेगळी असते. 22 लिटर गायीच्या दुधाचा साधारण चार किलो खवा होतो. एका कढईत सगळं मावत नाही, म्हणून तीन घाणे. प्रत्येक घाण्याला तासभर. सुरुवातीला नुसतं हलवायचं. दूध दाटलं की सराट्यानं कढईचा तळ सतत खरवडायचा. एक मिनिट हात थांबला की खाली लागतं, आणि त्याचा वास सगळ्या खव्याला धरतो. मार्च-एप्रिलचं ऊन, समोर बाभळीचा जाळ. मी आणि अण्णा आळीपाळीनं बसायचो, पण खवा गोळा होण्याची नेमकी वेळ आईलाच कळायची, त्यामुळे शेवटची वीस मिनिटं तिचीच.

खवा झाला, पण घेणार कोण? मिठाईवाले बंद. आमच्या 190 लिटरच्या फ्रीजचा फ्रीजर दोन दिवसांत भरला. साखर घालून पेढे केले तर आणखी थोडे दिवस टिकतात, म्हणून पेढे केले. गावात प्रत्येक घरी गेले. पाचव्या दिवशी शेजारची काकू हात जोडून म्हणाली, “बाई, आता नको, माझी शुगर वाढंल.”

पनीर करून पाहिलं. तीन किलोच्या वर निघालं. गावात अर्धा किलो खपलं. चक्का केला, पण पाडवा होऊन गेला होता. दह्याचं पाणी भाकरीच्या पिठात आणि उरलेलं गाईंपुढं. मग तूप. शेजाऱ्यांकडून मोटरची रवी आणली. 22 लिटरच्या दह्यातून साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास तूप, आणि मागे बादल्या भरून ताक. ताक विकायचं नाही, हा आमच्या आजीच्या वेळेपासूनचा नियम, तेव्हा ते वाटलं. साखर कारखान्याच्या वाटेवर बीडकडची ऊसतोड माणसं अडकून पडली होती. त्यांच्या कोप्यांवर अण्णा रोज दोन कॅन ताक आणि लेकरांसाठी दूध पोचवायचे. ताकाला जाऊन भांडं लपवायची म्हण आहे ना, तिथं उलट होतं. आमचा एमएटीचा आवाज आला की माणसं भांडी घेऊन रस्त्यावर उभी असायची. त्या 38 दिवसांतलं सगळ्यात चांगलं वापरलं गेलेलं दूध तेच, असं आई अजून म्हणते.

हा पेच काही आमच्या गोठ्यात पहिल्यांदा पडला नव्हता. आपल्या देशातला दुग्धव्यवसाय त्यातूनच वाढला. गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात हिवाळ्यात म्हशींचं दूध भरमसाठ वाढायचं आणि मुंबईला तेवढं नको असायचं. उन्हाळ्यात मागणी असायची, तर दूध कमी. जास्तीच्या दुधाची पावडर करावी, तर म्हशीच्या दुधाची पावडर होतच नाही, असं बाहेरच्या तज्ज्ञांचं मत होतं. आणंदला हरिचंद मेघा दलाया या इंजिनिअरनं ती करून दाखवली आणि 1955मध्ये तिथल्या सहकारी संघाचा कारखाना सुरू झाला. हिवाळ्याचं दूध उन्हाळ्यापर्यंत थांबवून ठेवणारा बफर तो हा.

2020च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारनंही तेच केलं. रोज 10 लाख लिटरपर्यंत जास्तीचं दूध 25 रुपये लिटरनं घ्यायचं आणि त्याची पावडर करायची. आई कढईत जे करत होती तेच, फक्त कढई मोठी. हिशेब मांडला तर 10 लाख लिटरमधून साधारण 85 ते 90 टन स्किम पावडर निघते, लोणी वेगळं. पण बफर कितीही मोठा असला तरी तो भरतो. पावडरची पोती गोदामात साठत गेली की पावडरचा भाव पडतो, आणि पावडरचा भाव पडला की दुधाचा. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये दूध उत्पादक दरासाठी रस्त्यावर आले, ते उगाच नाही.

घरात आणखी एक उपाय झाला. एक गाय सात महिन्यांची गाभण होती. तिला थोड्या दिवसांत आटवायचीच होती. अण्णांनी आधीच आटवायला घेतली. संध्याकाळचे तीन लिटर कमी झाले. खुराक तोडला तर आणखी कमी झालं असतं. ते अण्णांनी केलं नाही. “खुराक तोडला की गाय खंगते,” ते म्हणाले, “मग डेरी सुरू झाल्यावर दूध काय मी देणार का?”

या सगळ्याची मी एक शीट ठेवली होती. इंजिनिअरची खोड. तारीख, लिटर, काय केलं, किती निघालं, किती विकलं. आणि एक रकाना: तास. आईनं एकदा फोनमध्ये डोकावून विचारलं, हे काय? म्हटलं, तुझा वेळ.

“लिही की,” ती म्हणाली, “लिहायला कुठं पैसे लागतात?”

भाजीचे टेम्पो पुण्याला जात होते, त्यांना पास होता. त्यातून माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर तूप आणि खवा विकला. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळचं संकलन पुन्हा सुरू झालं, त्या रात्री मी बेरजा केल्या. एकूण 780 लिटर दूध. त्यातलं 250 लिटर वासरं, घर आणि वाटप. 320 लिटरचं साडेनऊ किलो तूप. 150 लिटरचा 27 किलो खवा, त्यातला 15 किलो विकला गेला. बाकीच्या 60 लिटरचा चक्का आणि पनीर. लाकूड, साखर, डबे, टेम्पोचं भाडं वजा जाता हातात 9,000 रुपये. नेहमीच्या दरानं नुसतं दूध घातलं असतं तर 24,000 झाले असते. आईच्या रकान्यात 130 तास.

शेतकऱ्यांना सगळे एक सल्ला देतात: नुसतं दूध विकू नका, प्रक्रिया करा, मूल्यवर्धन करा. सल्ला चुकीचा नाही. कुंथलगिरीच्या पेढ्यानं, नरसोबाच्या वाडीच्या बासुंदीनं कितीतरी चुली पेटत्या ठेवल्या आहेत. पण तिथं रोजचं गिऱ्हाईक आहे आणि भट्टीवर बसणाऱ्याला मजुरी आहे. घरातल्या चुलीवर मूल्य वाढतं, तेव्हा ते कुणाच्या तरी मनगटातून निघतं, आणि ते मनगट हिशेबात नसल्यामुळे सगळं फायद्याचं दिसतं.

शीट मी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवली. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. आईनं 130 आकडा पुन्हा विचारून घेतला. जेवणं झाल्यावर ती म्हणाली, “डेरीत माझ्या नावाचा कोड काढा.”

आमच्याकडे दूध अण्णांच्या कोडवर जायचं, पगार अण्णांच्या खात्यावर यायचा. त्यात भांडण कधी नव्हतं. पैसे लागले की आई मागायची, अण्णा द्यायचे. कोड काढायला आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि एक फॉर्म लागला. जूनपासून सकाळचं दूध अण्णांच्या नावावर जातं आणि संध्याकाळचं आईच्या. पहिल्या पगारातून तिनं लोखंडी कढई घासूनपुसून माळ्यावर ठेवायला माणूस लावला आणि त्याला त्याची मजुरी रोख दिली.