चिंचोक्यांचा खेळ आणि कणांचा माग



आमच्या मिठबावात रापण ओढली की मासे निवडायला वेळ मिळतो. बांगडे एका टोपलीत, तारली दुसऱ्या टोपलीत. पण सेकंदाला 4 कोटी वेळा किनाऱ्याला लागणारी रापण असेल तर? काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे कोण ठरवणार?

अशी रापण खरोखर आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत जमिनीखाली 27 किलोमीटर परिघाचं यंत्र आहे, लार्ज हॅड्रॉन कोलायडर. त्यात प्रोटॉनचे पुंजके सेकंदाला सुमारे 4 कोटी वेळा एकमेकांना भिडतात. सगळं साठवणं अशक्य. म्हणून तिथल्या सीएमएस प्रयोगात पहिल्या चाळणीतून सेकंदाला सुमारे 1 लाख नोंदीच पुढे जातात. बाकी सगळं कायमचं जातं. हे काम परक्यांचं समजू नका. सीएमएसच्या शोधकाचा एक भाग उभारण्यात मुंबईच्या कुलाब्यातली टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, सहभागी आहे. 4 जुलै 2012 रोजी हिग्ज बोसॉनची घोषणा झाली, ती ज्या दोन प्रयोगांच्या आधारे, त्यांतला एक सीएमएस.

आता या यंत्राची क्षमता वाढवण्याचं काम चालू आहे. पुढे एकेका भिडण्यात 200 पर्यंत टकरी एकदम होतील. त्या गर्दीत निवड करायची तर कणांचे मार्ग तिथल्या तिथे जुळवावे लागणार, आणि ठेवायचं की सोडायचं याचा निर्णय 12.5 मायक्रोसेकंदांत घ्यावा लागणार. एका सेकंदात 10 लाख मायक्रोसेकंद असतात!

हे मुलांना कसं सांगायचं? आम्ही शाळेच्या खळ्यात रांगोळीने एकात एक सहा वर्तुळं काढली. शोधकाच्या मधल्या भागातही असेच सहा थर असणार आहेत. मधून निघालेला कण जिथे वर्तुळ ओलांडतो तिथे एक चिंचोका. एका कणाचे सहा चिंचोके जोडणं सोपं. दहा कणांचे साठ झाले की गोंधळ! मग दोन युक्त्या सांगितल्या.

पहिली युक्ती : प्रत्येक ठिकाणी एकाऐवजी दोन चिंचोके, अगदी जवळजवळ. दोन ठिपक्यांवरून मार्ग किती वळतोय ते लगेच कळतं. चुंबकामुळे कमी जोराचा कण जास्त वळतो, तो तिथेच गाळायचा. नव्या शोधकातही जोडीजोडीने पट्ट्या बसवून हेच करणार आहेत.

दुसरी युक्ती : खळ्याचे भाग पाडायचे आणि प्रत्येक गटाने एकाच वेळी शोधायचं. साधा संगणक बहुतेक कामं एकामागून एक करतो. सर्नमध्ये त्यासाठी एफपीजीए नावाच्या चिप वापरतात. त्यांची आतली जोडणी आपल्याला हवी तशी पुन्हा पुन्हा बदलता येते, आणि हजारो छोटी कामं एकदम चालतात. तिथे शोधकाचे नऊ भाग पाडणार आहेत, आमच्या खळ्याचे चार झाले. मुलांनी मार्ग पटापट शोधले.

तेवढ्यात चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, जा टाकलां त्यातच काय नवीन आसलां तर?"

मित्रांनो, हाच खरा प्रश्न आहे. चाळणी आपण ठरवतो, म्हणजे काय महत्त्वाचं हे आपण आधीच ठरवून टाकतो. शास्त्रज्ञांनाही ही काळजी आहे. म्हणून ते थोड्या नोंदी कुठलीही अट न लावता, केवळ योगायोगाने निवडून ठेवतात आणि त्यावरून चाळणी तपासतात.

वर्गातही चाळणी असतेच. प्रश्न विचारला की वर झालेला हात आपल्याला आधी दिसतो. दोन वर्ग एकत्र, वेळ कमी, मग त्याच हाताला संधी मिळते. हळू विचार करणारं मूल गळतं, आणि त्याच्याकडे काय होतं हे कुणालाच कळत नाही. म्हणून आता आमच्या वर्गात रोज दोन उत्तरं चिठ्ठी काढून घ्यायची असं ठरलंय. चिठ्ठी मुलंच काढतात. नाव निघालं की सगळे गप्प, उत्तर येईपर्यंत वाट बघायची.

घरी दोन मुलं असतील तर पालकांनीही करून पाहा. जे मूल नेहमी आधी बोलतं ते सोडून कधी कधी दुसऱ्याला आधी विचारा. आणि चिंचोके जमवायला मुलांनाच पाठवा!