ऐकण्याची सक्ती

राज्यघटनेवर कुठेही बोलायला गेलो की श्रोत्यांतून एक प्रश्न हमखास येतो : दोन मूलभूत हक्क समोरासमोर आले तर मोठा कोणता? वकिलीत ध्वनिप्रदूषणाची प्रकरणे चालवता चालवता माझे मत असे झाले आहे की, मोठा-लहान ठरवायला बसलो की न्यायाधीशाची आवडनिवड निकालात उतरते. त्याऐवजी दोन गोष्टी तपासाव्यात. हा हक्क मुळात कुठवर पोचतो? आणि त्याला अडवणारा कायदा माणसाचे म्हणणे अडवतो आहे, की ते म्हणण्याची वेळ, जागा आणि आवाज?

हक्कांना मर्यादा असणार हे घटनाकारांनी लपवले नव्हते. 4 नोव्हेंबर 1948च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेचा दाखला देऊन सांगितले की, तिथलेही मूलभूत हक्क निरपवाद नाहीत. मात्र मर्यादेलाही मर्यादा हवी, म्हणून पंडित ठाकूरदास भार्गव यांनी निर्बंधांच्या आधी 'वाजवी' हा शब्द घालायला लावला. निर्बंध वाजवी आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाकडे आला तो त्या एका शब्दामुळे. भाषणस्वातंत्र्याच्या खंडात हा शब्द सुरुवातीला नव्हता. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या प्रांतात बंदी केली. 1950मध्ये रोमेश थापर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली. तिने सरकारच्या हाती निर्बंधांची नवी कारणे दिली, आणि त्याच दुरुस्तीने 'वाजवी' हा शब्दही या खंडात आणला.

आज अनुच्छेद 19(2)च्या यादीत आठ कारणे आहेत : देशाची एकात्मता, राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी वगैरे. आरोग्य त्यात नाही. शांत झोप तर नाहीच. मग ध्वनिक्षेपकावर बोलणाऱ्याला थांबवायचे कोणत्या आधारावर?

या प्रश्नाचे उत्तर ज्या निकालात आहे, त्याच्या मुळाशी एक भयंकर घटना आहे. दिल्लीत 13 वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला. शेजारी ध्वनिक्षेपक इतके मोठ्याने चालू होते की तिचा आक्रोश कुणालाच ऐकू गेला नाही. तिने नंतर स्वतःला जाळून घेतले. एका अभियंत्याने 1998मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि 18 जुलै 2005 रोजी सरन्यायाधीश लाहोटी व न्या. अशोक भान यांनी निकाल दिला. न्यायालयाने आठ कारणांत नववे घुसडले नाही. बोलण्याचा हक्क जरूर आहे, पण दुसऱ्याला ऐकायला भाग पाडण्याचा हक्क त्याच्या पोटात कधीच नव्हता, असे म्हटले. स्वतःच्या घरातसुद्धा शेजाऱ्याच्या घरात घुसेल असा आवाज करण्याचा हक्क कुणाला नाही. न ऐकण्याचे स्वातंत्र्य अनुच्छेद 21मधल्या जगण्याच्या हक्कात बसते. मला हा युक्तिवाद फार मोलाचा वाटतो, कारण त्याने सरकारच्या हाती नवे हत्यार न देता नागरिकाचे रक्षण केले.

धर्मस्वातंत्र्याच्या बाबतीत वाट सोपी आहे. अनुच्छेद 25ची सुरुवातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि या भागातील इतर तरतुदी यांच्या अधीन राहून होते. चेन्नईच्या एका चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2000मध्येच सांगितले की, इतरांची शांतता मोडून किंवा ध्वनिवर्धक लावून प्रार्थना करा असे कोणताही धर्म सांगत नाही.

पण तत्त्व जिंकूनही खटला मीटरवर हरतो. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा सरासरीची आहे, त्यामुळे मोबाइलवर क्षणभर दिसलेल्या नव्वदच्या आकड्याचा फोटो न्यायालयात टिकत नाही. मोजणी मांडवाच्या हद्दीवर केली की तक्रारदाराच्या खिडकीत? मीटरच्या अचूकतेचे प्रमाणपत्र कुठे आहे? पंचनाम्यावर वेळ का नाही? समोरचे वकील हेच विचारतात, आणि त्यांनी विचारायलाच हवे. आकडाही फसवा असतो. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते आणि वीस वाढले की शंभरपट. 'पंचावन्नचे पंच्याहत्तर झाले, त्यात काय' असे म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसते. रात्री दहानंतर मात्र मीटर लागतच नाही. उघड्या जागेत भोंगा चालू होता, एवढे सिद्ध झाले की पुरे.

माझी खरी काळजी सवलतींची आहे. सणासमारंभांसाठी वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री बारापर्यंत मुभा देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. 2005च्याच ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला, पण सरकारने तो स्वतः वापरावा, खाली कुणाकडे सोपवू नये, असेही बजावले. एवढे मला पटते. समाजाला उत्सव हवेतच. शांतता क्षेत्रांचे जे झाले ते पटत नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे शंभर मीटर आपोआप शांतता क्षेत्र ठरतात, अशी मुंबई उच्च न्यायालयाची भूमिका होती. 2017मध्ये गणेशोत्सवाच्या तोंडावर केंद्राने नियम बदलला : राज्य सरकार जाहीर करेपर्यंत कोणताही परिसर शांतता क्षेत्र नाही. उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच त्या स्थगितीला स्थगिती दिली. अतिदक्षता विभागात पडलेल्या माणसाची शांतता अधिसूचनेची वाट पाहत राहिली, आणि ज्यांच्या मताला वजन आहे त्यांचे ढोल त्याच्या खिडकीखाली वाजत राहिले.

दुसरी भीती याहून मोठी आहे. आवाजाचा नियम आवाजापुरता राहिला तरच तो घटनेत बसतो. मोर्चातला ध्वनिक्षेपक साठ डेसिबलला जप्त होतो आणि मिरवणुकीतला डीजे शंभरला सोडून दिला जातो, तेव्हा पोलिस आवाज मोजत नसतात, ते मजकूर मोजत असतात. एका धर्माचा भोंगा दिसतो आणि दुसऱ्याचा दिसत नाही, तेव्हाही तसेच. असा भेदभाव अनुच्छेद 14च्या थेट विरोधात जातो, आणि तो उघडा पाडणे हे ध्वनिप्रदूषणाविरुद्ध लढणाऱ्यांचेच काम आहे. जानेवारी 2025मध्ये कुर्ल्यातील रहिवासी संस्थांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. अजय गडकरी व न्या. श्याम चांडक यांनी ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे सांगितले. त्याच निकालातला एक आदेश मला अधिक महत्त्वाचा वाटतो : तक्रारदाराचे नाव उघड करू नका. गल्लीतल्या मंडळाविरुद्ध किंवा प्रार्थनास्थळाविरुद्ध तक्रार करणाऱ्याच्या दारात त्याच रात्री जमाव उभा राहतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या एका ओळीची किंमत कळेल.

म्हणून तक्रार लिहून द्या म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो. तारीख लिहा, सुरू झाल्याची आणि बंद झाल्याची वेळ लिहा, अंतर लिहा, घरात आजारी किंवा परीक्षेला बसलेले कुणी असेल तर तेही लिहा. ध्वनिक्षेपकावर कोण, कोणत्या भाषेत, काय म्हणत होते यातले काहीही लिहू नका.