पंख्याखालची खुर्ची

कचेरीत माणसाची योग्यता त्याच्या पगारावरून ओळखावी, असा शिरस्ता आहे. मी मात्र ती नोकरीभर पंख्यावरून ओळखत आलो. पगाराचा आकडा महिन्यातून एकदा कागदावर दिसतो. पंखा रोज डोक्यावर फिरतो. ज्याच्या बरोबर टाळूवर तो फिरतो तो अवल कारकून, ज्याच्या कानाला त्याची झुळूक लागते तो वरिष्ठ लिपिक, आणि ज्याचे कागद उडतात पण ज्याच्या अंगाला वारा लागत नाही तो कनिष्ठ, हे मी पहिल्याच आठवड्यात ताडले. मी अर्थातच तिसऱ्या प्रकारातला होतो.

ती नोकरी मला १९८६ साली साताऱ्यात लागली. कचेरी इंग्रजी अमदानीतली. काळ्या दगडाच्या दोन हात जाड भिंती, वर मंगलोरी कौले, तिन्ही बाजूंनी व्हरांडा, आणि आढे इतके उंच की तिथल्या कोळिष्टकांना पिढ्यान्‌पिढ्या कोणाचा हात पोहोचला नसावा. भिंतींच्या माथ्याशी लाकडी झडपा होत्या. त्यांच्या दोऱ्या खाली खुंट्यांना बांधलेल्या असत. पावसाळ्यात त्या इमारतीला असा काही कुबट वास येई की फायलीतला मजकूर वाचण्याआधी तिचे वय कळावे! पश्चिमेच्या खिडक्या जून ते सप्टेंबर बंद ठेवाव्या लागत आणि ओले सदरे अंगावरच वाळत. तेव्हा जुने ते सोने म्हणून त्या इमारतीची आरती करायला मी बसलेलो नाही. पण उन्हाळ्यात ती काय करी, ते सांगण्यासारखे आहे.

माणूस नुसता बसला तरी सुमारे शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता त्याच्या अंगातून बाहेर पडत असते. आम्ही वीस कारकून म्हणजे वीस दिवेच. उजेड पाडत नव्हतो, एवढाच फरक. आमच्या अंगाची ही ऊब हलकी होऊन वर आढ्याकडे जाई आणि झडपांतून बाहेर पडे. तिची जागा घ्यायला व्हरांड्याच्या सावलीतली हवा खालच्या खिडक्यांतून आत येई. जाड भिंती सकाळचे ऊन दिवसभर पीत बसत आणि त्याची धग आत पोहोचेपर्यंत आमची घरी जायची वेळ झालेली असे. या सगळ्याला एक पैशाची वीज लागत नव्हती. लागत होता तो एक माणूस. आमचे शिपाई. त्यांना सगळे मामा म्हणत.

मामा सकाळी नऊला येऊन पूर्वेच्या खिडक्या उघडत, अकराला ओढून घेत. चार वाजता यवतेश्वराच्या अंगाने वारा सुटला की पश्चिमेची तावदाने उघडत. झडपांच्या दोऱ्या किती सोडायच्या, हे ते अजिंक्यताऱ्याकडे एक नजर टाकून ठरवत. मी एकदा उकाड्याने हैराण होऊन भर बाराला खिडकी उघडायला उठलो, तर ते म्हणाले, "बसा, भाऊसाहेब. आता उघडली तर वारं न्हाई, झळ यील. वारं कुणाच्या बापाचं नसतंय, पर त्येला वाट दावावी लागती."

त्याच इमारतीत साहेबांच्या खोलीच्या आढ्याला दोन लोखंडी कड्या होत्या आणि भिंतीत, दाराच्या वर, बोट जाईल एवढे एक गुळगुळीत भोक होते. विजेचे पंखे येण्याआधी तिथे कापडी झालरीचा पंखा टांगलेला असे. त्याची दोरी त्या भोकातून व्हरांड्यात जाई, आणि व्हरांड्यात बसलेला माणूस ती दिवसभर ओढत राही. फॉर्स्टरच्या 'अ पॅसेज टु इंडिया' या १९२४ सालच्या कादंबरीत कोर्टातला असा एक पंखेवाला आहे. आत काय चालले आहे याचा त्याला पत्ता नसतो. कोर्ट उठून गेले तरी तो दोरी ओढीतच असतो. मला त्या भोकाची कड फार विलक्षण वाटे. दोरीने घासून घासून दगडाला काचेसारखी झिलई आली होती. आतल्याला वारा लागावा म्हणून बाहेर कोणीतरी घाम गाळायचा, हा त्या पंख्याचा सगळा हिशेब तिथे लिहिलेला होता.

पुढे माझी बदली सांगलीला झाली. सातारा आणि सांगली हे मुळात एकाच घरातले भाऊ. १९४९ साली उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा अशी वाटणी झाली, आणि १९६० साली धाकट्याने सांगली हे नाव घेतले. माहुलीच्या संगमावरून निघालेली कृष्णाच सांगलीच्या घाटाला लागते, तेव्हा मला परके वाटायचे कारण नव्हते. फक्त हवा वेगळी. डोंगराची पाठराखण सुटते, आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो.

सांगलीत गेल्यावर हवेबद्दलचा माझा पहिला धडा कचेरीत नव्हे, हरिपूरला झाला. तिथे हळद साठवायची पेवे असत. जमिनीत खोल खड्डा, तोंड माती घालून बंद, आत हवेला मज्जाव. त्यामुळे हळद वर्षानुवर्षे टिकते, कीड लागत नाही. पण पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आतली कोंडलेली हवा माणसाला मारक. तोंड उघडे टाकून, बाहेरची हवा आत खेळू देऊन, मगच उतरायचे. २००५च्या महापुराने त्या पेवांची फार हानी केली. पण हळदीला जे मानवते ते माणसाला मानवत नाही, हे हरिपूरच्या साध्या हमालालाही ठाऊक होते. आमच्या नव्या इमारतीचा नकाशा काढणाऱ्याला ते ठाऊक नसावे.

ही नवी इमारत २०१२ साली आम्हांला मिळाली. पश्चिमेला सगळी काच, छत हाताला लागेल इतके खाली आणि खिडक्या जागच्या जागी जखडलेल्या. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांनी तोंडभर स्तुती केली. दुपारचे ऊन त्या काचेतून विनासायास आत येई आणि मग ते हाकलायला वातानुकूलन यंत्रे लावलेली. म्हणजे चोराला पुढच्या दाराने पायघड्या घालायच्या आणि मागच्या दाराने हाकलायला पगारी माणूस ठेवायचा!

या यंत्राची जन्मकथा गमतीची आहे. विलिस कॅरिअर या अमेरिकन इंजिनिअरने १९०२ साली ते योजले ते माणसांसाठी नव्हेच. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत आणि रंग जागेवर बसत नसत, म्हणून. आमच्याकडेही तोच क्रम. पहिले यंत्र आले ते संगणकाच्या खोलीत. तिथे आम्ही देवघरासारखे वहाणा काढून जात असू. दुसरे साहेबांकडे गेले आणि शेवटी आमच्या दालनात चार आली. तेव्हापासून पंख्याखालच्या खुर्चीचा मान गेला आणि रिमोट ज्याच्या खणात, तो मोठा ठरला. यंत्राच्या तोंडाशी बसलेल्या बाई मे महिन्यात शाल पांघरून बसत. काचेशी बसलेले गृहस्थ त्याच वेळी रुमालाने मान पुसत. १८ की २४, यावरून जे वाद झाले ते पाहता सरकारने २०२० पासून नव्या यंत्रांची मूळ नेमणूकच २४ अंशांवर ठेवायला लावली, हे फार शहाणपणाचे केले. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्यूरोचा हिशेब आहे. दीड टनाचे यंत्र भरात असले की सुमारे दीड हजार वॅट ओढते. जुना छताचा पंखा पंचाहत्तर, आणि हल्लीचा चांगला पंखा तिसाच्या आसपास. एका यंत्राच्या विजेत वीस जुने पंखे फिरतात, नवे तर पन्नास. पण पंख्याने थंडी वाजत नाही. आणि मे महिन्यात थंडी वाजण्याला जी प्रतिष्ठा आहे, तिची वीजबिलात नोंद नसते.

एक गोष्ट मात्र आम्हां कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. भिंतीवरचे हे यंत्र बाहेरची हवा आत आणत नाही. आतलीच हवा ते गार करून पुन्हा पुन्हा आपल्याला देते. तीन वाजता सगळ्यांचे डोळे मिटू लागत. त्याचा ठपका आम्ही भाकरीवर ठेवत असू. एका सहकाऱ्याचा मुलगा इंजिनिअरिंगला होता. त्याने एकदा हवेतला कर्बवायू मोजायचे तळहाताएवढे यंत्र आणले. बाहेर आकडा सव्वाचारशेच्या आसपास होता. दालनात तीन वाजता तो दोन हजारांच्या पुढे गेला. दहा लाख भागांत हजाराच्या वर हा वायू गेला की खोलीतली हवा राहण्याजोगी नाही, असे म्युनिकच्या पेटेनकोफर नावाच्या शास्त्रज्ञाने १८५८ सालीच सांगून ठेवले आहे. हवा थंड आहे म्हणून ती ताजी आहे, असे आम्ही धरून चाललो होतो. आम्ही थंडगार पेवात बसलो होतो.

आणि आतली उष्णता? ती नाहीशी होत नाही. बाहेर टाकली जाते. आमच्या इमारतीत ती ज्या बोळात टाकली जाई, तिथेच कामाला आलेल्या लोकांचे बाकडे होते. मिरज, तासगाव, कवठे महांकाळकडून सकाळच्या एसटीने आलेली म्हातारी माणसे, अनुदानाचा कागद पिशवीत सांभाळून. चार यंत्रांच्या चार पेट्या त्यांच्या तोंडावर गरम फुफाटा सोडत. ती माणसे काही बोलत नसत. बाकडे सोडून समोरच्या लिंबाखाली मातीत बसत, आणि पुकारा ऐकू न आल्यामुळे त्यांचा नंबर जाई. हे पाहिले आणि मला साताऱ्याच्या भिंतीतले ते गुळगुळीत भोक आठवले. दोरी गेली होती. व्हरांड्यातला माणूस होता तिथेच होता. मी अर्ज केला. पेट्या गच्चीवर नेण्याचा खर्च, मंजुरी, शेरे, पुन्हा शेरे, असे अकरा महिने गेले. पेट्या हलल्या नाहीत. बाकडे लिंबाखाली हलले आणि पुकाऱ्याला एक घंटा लावली. तेही थोडके नव्हे.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा शहरात शिरली. वीज गेली, आणि पाणी ओसरल्यावर त्या काचेच्या पेटीत तासभरही बसवेना. आम्ही टेबले बाहेर मांडली. पुढच्याच वर्षी करोना आला. केंद्रीय बांधकाम खात्याचे सांगणे आले: यंत्रे २४ ते ३० अंशांवर ठेवा आणि खिडक्या उघडा. उघडा! आम्ही सगळे त्या काचेकडे पाहत राहिलो. उघडण्यासाठी तिला कडीच नव्हती. आमच्यातले दोघेजण त्या साथीत गेले. एक त्या शाल पांघरणाऱ्या बाई. त्यांचे टेबल दालनाच्या सर्वांत आतल्या कोपऱ्यात होते. त्यानंतर अॅल्युमिनियमचे काम करणारा एक कारागीर आला आणि दोन दिवसांत त्याने तीन ठिकाणची काच कापून सरकती तावदाने बसवली. तीन खिडक्यांना दोन दिवस! वारा आत आला तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच टेबलांवरचे कागद उडाले, आणि कोणी रागावले नाही.

अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या मंडळींनी आपल्या देशातल्या पाच शहरांच्या कचेऱ्यांत फिरून असे दाखवले आहे की, खिडकी उघडायची सवय असलेल्या आपल्या माणसाला परदेशी कोष्टकातल्यापेक्षा बरीच जास्त उष्णता सुखाची वाटते. मामांना हे सांगितले असते तर ते हसले असते.

मी २०२१ साली निवृत्त झालो. गेल्या मे महिन्यात निवृत्तिवेतनाच्या एका कागदासाठी पुन्हा त्या कचेरीत गेलो होतो. यंत्रे पुन्हा सुरू झाली आहेत, काही नवीही आली आहेत. मी लिंबाखालच्या बाकड्यावर तासगावच्या एका आजींच्या शेजारी बसलो. तीन खिडक्यांपैकी दोन लावलेल्या होत्या. तिसरीच्या फटीत कोणीतरी जुने आवक-जावक रजिस्टर उभे घालून ठेवले होते. थोड्या वेळाने तिथून एक तरुण कारकून बाई डोकावल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुमचाच नंबर आहे. घंटा बिघडलीय, म्हणून इथून हाक मारते."