पैसे पाण्यात

"पैसे पाण्यात घातलेस" हे वाक्य माझ्या बाबतीत शब्दशः खरं आहे. माझ्याकडे अर्धी शिडाची बोट आहे. म्हणजे बोट पूर्ण आहे, मालकी अर्धी. उरलेली अर्धी ऑफिसातल्या माझ्या एका मित्राची. त्याला इथे आपण पार्टनर म्हणू.

बोट आहे एंटरप्राइझ क्लासची. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९५६ मध्ये काढलेलं डिझाइन. लांबी सव्वातेरा फूट, वजन नव्वद किलोच्या आसपास, दोन शिडं आणि दोन्ही निळी. आम्ही मुंबईहून सेकंडहँड घेतली तेव्हा आधीच्या मालकाने नाव खरवडून काढलं होतं. नवीन काय ठेवायचं यावर आमचं सहा महिने एकमत झालं नाही, तोवर रेवदंड्यात सगळे तिला 'निळी' म्हणायला लागले. तेच राहिलं.

पुण्यात राहून बोट, हे ऐकून लोक हसतात. पुण्यात बोट क्लब रोड आहे, तिथला रॉयल कॅनॉट बोट क्लब तर १८६८चा. आमच्या सीओईपीच्या रेगाटाची सुरुवात १९२८ची. मी वल्हवायला तिथेच शिकलो, मुठेच्या पाण्यावर. पण वल्हं वेगळं आणि शीड वेगळं. वल्हं म्हणजे तुम्ही कष्ट करा आणि पुढे जा, सरळ हिशोब. शिडाच्या बोटीत वारा जिकडून येतो तिकडेच जायचं असेल तर सरळ जाताच येत नाही. साधारण ४५ अंशात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असं नागमोडी चढत जावं लागतं. खाली पाण्यात उतरवलेली एक फळी बोटीला आडवं घसरू देत नाही, आणि शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं. हे गणित मला इंजिनियरिंगला शिकवलं होतं. समजलं मात्र रेवदंड्याला, हातात दोरी ताणली तेव्हा.

तर 'निळी' राहते रेवदंड्याला, एका तांडेलमामांच्या वाडीत, माडांखाली. शनिवारी पहाटे निघायचं, चारेक तासांत पोचायचं. कुंडलिकेची खाडी तिथे समुद्राला मिळते. उत्तरेला रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट, दक्षिणेला टेकाडावर कोर्लईचा किल्ला, मध्ये पाणी. (कोर्लई गावात काही घरांत अजून पोर्तुगीजपासून बनलेली बोली बोलतात. चहा पिता पिता ऐकलीय. एक अक्षर कळलं नाही, पण ठेका मराठीच वाटतो.) पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी इथेच चौलला उतरला होता. तो घोडा विकायला आला होता, आम्ही आठवड्याचा शीण विकायला येतो.

सुख कसलं म्हणाल, तर सांगणं अवघड आहे. आवाज नसतो हे पहिलं. बोटीखाली पाणी चुळबुळतं, दोरी करकरते, बास. फोन डब्यात बंद. प्रॉडक्शनला आग लागली तरी मला सोमवारी कळणार. आणि दुसरं म्हणजे तुमचं वेळापत्रक तुमच्या हातात नाही. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा, दुपारी समुद्राकडून खारा वारा. शाळेत भूगोलाच्या पेपरात याच्यावर दोन मार्क मिळायचे. भरतीचं गणित तांडेलमामांनी शिकवलं : तिथीला पाऊणने गुणा, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अ‍ॅप आहेच, पण मामांच्या गणिताला रेंज लागत नाही :-)

आता खरी गोष्ट. बोट माझी आहे हे मी घरी सांगितलं नव्हतं. "मित्राची आहे, मी नुसता जातो" असं सांगितलं होतं. बोट पडली सत्तर हजाराला. माझ्या वाट्याचे पस्तीस हजार आले कुठून, तर बाबांनी फ्लॅटच्या बुकिंगसाठी दोन लाख दिले होते, त्यातून. बाबा पोस्टातून रिटायर झाले, साताऱ्याला असतात. ते पैसे त्यांनी कसे साठवलेत ते मला माहीत होतं. बोनस आला की भरून टाकू, असं स्वतःला समजावलं. बोनस आला आणि गेलाही.

गेल्या फेब्रुवारीत बाबा पुण्याला आले होते. "बघू तरी तुझ्या मित्राची होडी" म्हणाले. पार्टनर नेमका ऑनसाइट. म्हणून आम्ही दोघेच गेलो. दिवस पौर्णिमेचा, भरती साडेअकराच्या सुमाराला. मी हिशोब केला की भरतीला निघू, अर्ध्या तासात खारा वारा सुरू होईल, ओहोटीबरोबर तोंडापर्यंत जाऊन वाऱ्यावर परत. आदल्या रविवारी वारा बाराला आला होता ना, मग आजही येईल! मामा बघून म्हणाले, "वारा नाय अजून. थांब जरा." मी थांबलो नाही. वर, बाबांना पाय पसरायला जागा हवी म्हणून नांगर काठावर ठेवला.

साडेबारा वाजले तरी शीड मेल्यासारखं लोंबत होतं. उधाणाची ओहोटी, सगळी खाडी समुद्राकडे निघालेली, आणि तिच्याबरोबर आम्ही. कोर्लईचा किल्ला समोर होता तो हळूहळू बाजूला यायला लागला. मी वल्हं काढलं आणि रेवदंड्याकडे तोंड करून जीव खाऊन मारायला लागलो. दहा मिनिटांत खांदे भरून आले. काठावरचं एक झाड खूण म्हणून धरलं होतं, ते मागे जायच्या ऐवजी पुढे सरकत होतं. लाइफ जॅकेट दोघांनी घातलं होतं, पण घशाला कोरड पडली. बाबांना बोलावलं कशाला, एवढंच डोक्यात.

बाबा शांतपणे म्हणाले, "काय रे, पाण्याच्या विरुद्ध कशाला मारतोयस? आडवा घे."

बाबांचं लहानपण वाईला, कृष्णेच्या काठी गेलं. पुरात पोहत नदी पार करणारी ही माणसं. प्रवाहाशी भांडायचं नाही, त्याला वाहू द्यायचं आणि आपण तिरकं काठाकडे सरकायचं. मी बोट वळवली. एक वल्हं मी मारत होतो, बाबा दुसऱ्या बाजूने डब्याच्या झाकणाने पाणी ओढत होते. एकच्या सुमाराला कोर्लईच्या बाजूला वाळूला लागलो.

तिथे बसलो वाऱ्याची वाट बघत. पाणी मागे हटत होतं, दर पंधरा मिनिटांनी उठून बोट पुढे ढकलायची, नाहीतर कोरड्यावर अडकली असती. तिसऱ्यांदा ढकलताना बाबा म्हणाले, "मित्राची वस्तू इतकी जिवावर उदार होऊन कोणी ढकलत नाही."

मग सांगितलं. सगळं, आकड्यासकट.

ते काही बोलले नाहीत. बराच वेळ. मला ओरडा चालला असता. मग एकदम म्हणाले, "'तृष्णा'चं तिकीट विकलंय मी काउंटरवर. नुकताच नोकरीला लागलो होतो. शिडाची बोट होती त्याच्यावर."

मी नंतर शोधलं. सैन्याच्या कोअर ऑफ इंजिनियर्सच्या जवानांनी १९८५ ते १९८७ मध्ये 'तृष्णा'तून पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. बोट फक्त ३७ फुटी. त्याच कोअरच्या सीएमईच्या भिंतीवरून मी दापोडीला रोज ऑफिसला जातो आणि मला हे माहीत नव्हतं. मला दिलीप दोंदे माहीत होते, 'म्हादेई'वर २००९-१० मध्ये एकट्याने जग फिरून आलेले पहिले भारतीय. अभिलाष टॉमी माहीत होते, २०१२-१३ मध्ये न थांबता. बाबांना मात्र त्यांच्याही आधीची बोट माहीत होती, तिकिटाच्या आकाराची.

दोनला पाण्यावर काळसर सुरकुत्या दिसल्या. वारा. वायव्येकडून. बोट लोटली, मी सुकाणू धरलं, बाबांना पुढच्या शिडाची दोरी दिली. "ओढा," म्हटलं की ओढायचे, "सोडा," म्हटलं की सोडायचे. ओहोटी विरुद्ध होतीच, पण वाऱ्याला जोर होता. या वेळी झाड मागे जायला लागलं. काठावर मामा उभे होते, माझा नांगर हातात घेऊन. काही बोलले नाहीत, नुसता पुढे केला.

परतताना ताम्हिणीत बाबा म्हणाले, "महिना तीन हजार. पाच तारखेला. बारा हप्ते." दोनशेपानी वहीत त्यांनी ते लिहून ठेवलंय, पोस्टाच्या अक्षरात. मी एकही चुकवलेला नाही. फ्लॅटचं बुकिंग पुढे गेलं, त्यावर आई अजून बोलते.

आता पार्टनर कायमचा कॅनडाला चाललाय, त्याला त्याचा अर्धा हिस्सा विकायचाय. पस्तीस मागतोय. माझ्याकडे नाहीत. दोन-तीन जणांना विचारलं, सगळ्यांना बोटीवरचे फोटो हवेत, बोट नको.

हे बाबांना फोनवर सांगितलं काल. ते म्हणाले, "बघू." मग थोडं थांबून, "येत्या रविवारी तिथी काय आहे रे?"