गिअरबॉक्स उतरवण्याआधी

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला म्हणून गॅरेजात आणलेल्या गाडीचा गिअरबॉक्स पुष्कळदा धडधाकट असतो. बिघाड असतो तो गिअरबॉक्स आणि त्याला हुकूम देणारं कंट्रोल युनिट यांच्यामधल्या एखाद्या जोडात: सैल पडलेली पिन, गंज चढलेलं टर्मिनल, आत तेल शिरलेलं सॉकेट, नाहीतर बॉडीपासून सुटत आलेलं अर्थिंग. या कामात वर्षं घालवल्यावर माझं हे मत झालं आहे आणि ते मी आग्रहाने मांडतो, कारण चुकीच्या निदानाची किंमत दर वेळी गाडीचा मालकच मोजतो. कनेक्टर साफ करणं किंवा एखादी वायर नव्याने जोडणं हे काही तासांचं काम. गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल करायचा, तर गाडी जुनी असल्यास खर्च तिच्या बाजारभावाच्या आसपास जाऊ शकतो. शिवाय गिअरबॉक्सच्या आतल्या व्हॉल्व्ह बॉडीला धुळीचा एखादा कणही सोसत नाही, आणि आपली बहुतेक गॅरेजं रस्त्याच्या कडेला, उघड्यावर असतात.

विजेचा दोष यंत्राचा दोष म्हणून खपतो, याचं कारण गिअरबॉक्सच्या रचनेतच आहे. आतल्या क्लचांना दाबून धरणारा तेलाचा दाब सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह, ठरवतात आणि सोलेनॉइडला किती करंट द्यायचा ते कंट्रोल युनिट ठरवतं. बहुतेक गिअरबॉक्समध्ये दाबाच्या सोलेनॉइडची मांडणी अशी असते, की करंट बंद पडला तर दाब सर्वांत जास्त व्हावा. हे शहाणपणाचं आहे. वायर तुटली तरी क्लच घसरून जळत नाहीत आणि गाडी घरापर्यंत येते. पण चालकाला काय जाणवतं? गिअर पडताना खालून कोणी हातोडा मारल्यासारखा धक्का. कानाला आणि पाठीला तो शुद्ध यंत्राचा बिघाड वाटतो. लिंप मोडचंही तसंच. स्पीड सेन्सरचा सिग्नल क्षणभर गेला तरी कंट्रोल युनिट गिअर बदलणं थांबवतं आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहते. ‘दुसऱ्याच्या वर गिअर पडत नाही’ ही तक्रार ऐकली की क्लच प्लेट जळल्या असाव्यात असं ज्याला वाटतं, त्याला मी दोष देत नाही. पण लक्षण कुठे उमटलं यावरून कारण तिथेच आहे असं मात्र धरता येत नाही.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे मर्सिडीजचा ७२२.६ हा पाच गतींचा गिअरबॉक्स. १९९६ पासून तो कित्येक मॉडेलांत बसला, जीप आणि क्रायस्लरच्या गाड्यांतही गेला. महाराष्ट्राला तो अनोळखी नाही. पुण्यात जुळवलेल्या जुन्या ई-क्लासमध्ये तो आहे आणि महिंद्राने चाकणला जुळवलेल्या रेक्स्टनच्या ऑटोमॅटिक मॉडेलमध्येही. या गिअरबॉक्सच्या कुशीत १३ पिनांचा एक गोल प्लग असतो. तो ज्या प्लॅस्टिकच्या बुशमधून आत जातो, त्याला दोन ओ-रिंग असतात. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन त्या कडक होतात आणि गिअरबॉक्सचं तेल प्लगमध्ये झिरपू लागतं. ते खाली ठिबकतं तेव्हा निदान दिसतं तरी. पण पुष्कळदा ते वायरीच्या तारांमधल्या सूक्ष्म फटींतून, समईतल्या वातीत तेल चढावं तसं, इन्सुलेशनच्या आतून वर चढत जातं आणि कंट्रोल युनिटच्या सॉकेटपर्यंत पोचतं. मग गाडी मधूनच लिंप मोडमध्ये जाते, इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं की सुधारते, काही दिवसांनी पुन्हा तेच. तेल काही विजेचं चांगलं वाहक नाही, मग त्याने काय होणार, असं कोणी विचारेल. नवं तेल नाहीच. पण गिअरबॉक्समधून आलेलं तेल क्लचची झीज आणि धातूची बारीक पूड बरोबर घेऊन येतं, आणि त्यासाठी न बनवलेल्या सीलना ते फुगवतं. इथे इलाज आहे नवा बुश, प्लगची सफाई आणि वर चढलेल्या तेलाचा पुरता निचरा. कंट्रोल युनिट बदलून बुश तसाच ठेवला, तर तेल नव्या युनिटकडेही त्याच वाटेने जाईल.

आता मला जो मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो सांगतो. ‘पार्ट बदलला आणि गाडी सुधारली, म्हणजे पार्टच खराब होता’ असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. हा पुरावा लंगडा आहे. पार्ट बदलताना कनेक्टर काढला जातो आणि पुन्हा बसवला जातो, आणि कित्येकदा खरा इलाज तोच असतो. गाडीतल्या बहुतेक पिनांवर कथलाचा पातळ मुलामा असतो. इंजिनाच्या थरथरीने आणि गरम-थंड होण्याने पिन आणि टर्मिनल एकमेकांवर काही मायक्रॉन सरकत राहतात. प्रत्येक घर्षणात थोडं कथील उघडं पडतं, हवेने त्याचं ऑक्साइड होतं आणि ते कठीण, वीज न वाहणारं ऑक्साइड संपर्काच्या बिंदूवरच साचतं. डोळ्यांना पिन चकचकीत दिसते, फार तर एखादा काळसर ठिपका. कनेक्टर एकदा काढून घातला, की ती पिन टर्मिनलवर पूर्ण लांबीने घासते, ऑक्साइड खरवडलं जातं, संपर्क नवा होतो. सेन्सर बदललेला असो वा नसो, गाडी सुधारणारच. काही आठवड्यांनी तोच दोष परततो, तेव्हा नवा पार्टही ‘डुप्लिकेट निघाला’ म्हणून बदनाम होतो. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी मोजमाप, मग नुसता कनेक्टर काढून-घालून ट्रायल आणि पुन्हा मोजमाप. जुना पार्ट जागेवर असतानाच आकडा सुधारला, तर पार्ट निर्दोष आहे आणि टर्मिनलच बदलायला हवं.

मोजायचं कसं, यावरही बोललं पाहिजे, कारण चुकीच्या पद्धतीने मोजून ‘वायरिंग ओके’ म्हणणारे खूप आहेत. मल्टिमीटरचा बझर वाजला म्हणजे वायर चांगली, असं नाही. वायरीतली एक तार सोडून बाकी सगळ्या तुटल्या तरी बझर वाजतो, कारण मीटर त्या तारेतून मिलिअँपिअरच्या आसपासचाच करंट सोडतो. नुसता व्होल्टेज पाहिला तरी तीच फसगत. चांगल्या डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध १० मेगाओम असतो, म्हणजे १२ व्होल्टला त्यातून जेमतेम सव्वा मायक्रोअँपिअर वाहतो, आणि तेवढ्याला गंजलेली पिनही वाट देते. प्रत्यक्षात १२ ओमचा सोलेनॉइड १ अँपिअर मागतो. तेव्हा जोडावर १ ओमचा रोध असेल तर जवळजवळ एक व्होल्ट तिथेच खर्च होतो. म्हणून सोलेनॉइड चालू असताना जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे मीटर लावून किती व्होल्ट पडतो ते पाहायचं. निरोगी जोडावर तो ०.१ व्होल्टच्या वर जाऊ नये. अर्थिंगलाही हीच परीक्षा, आणि खरं तर अर्थिंगपासूनच सुरुवात करावी. दुसरी गोष्ट तापमानाची. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांना १२ ओम दाखवणारा सोलेनॉइड १०० अंशांना पावणेसोळा ओमच्या घरात जातो. गाडी गरम झाल्यावरच दोष येत असेल, तर सकाळी थंड गाडीवर घेतलेले आकडे फारसे उपयोगाचे नाहीत.

यावर जुन्याजाणत्या मिस्त्रींचा आक्षेप असतो आणि तो वजनदार आहे: क्लच खरोखर झिजतात, व्हॉल्व्ह बॉडीची भोकं खरोखर रुंदावतात, टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप खरोखर थरथरतो, सगळ्याला वायरिंगचं नाव देऊन कसं चालेल? बरोबर आहे, आणि मी तसं म्हणतही नाही. माझं म्हणणं एवढंच, की दोहोंत फरक करता येतो आणि तो गिअरबॉक्स न उतरवता करता येतो. ७२२.६ च्या एका प्रकारात तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.४१ आहे. बाहेरचा शाफ्ट मिनिटाला १००० फेरे घेत असेल तर आतला १४१० घेणार. स्कॅनरवर आतला १६०० दिसला आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर हा फरक हळूहळू वाढत गेला, तर क्लच घसरतो आहे, वाद नको. पण आतल्या शाफ्टचा वेग १४१० वरून एकदम शून्यावर गेला आणि पुढच्या क्षणी पुन्हा १४१० झाला, तर तो सिग्नल खोटा आहे. एवढा जड फिरता शाफ्ट क्षणात थांबत नाही आणि क्षणात सुरूही होत नाही. आणखी एक बारकावा आहे. या गिअरबॉक्सला बाहेरच्या शाफ्टसाठी स्वतःचा सेन्सर नाही; तो वेग चाकांच्या सेन्सरांवरून कळतो. म्हणजे चाकापाशी चिखलात लटकणारा एक कनेक्टर गिअरबॉक्सच्या नावाने तक्रार उभी करू शकतो. त्याचबरोबर तेल पाहावं, तेही योग्य तापमानाला. याच्या तेलाची पातळी ८० अंशांना मोजतात. थंड असताना बरोबर दिसणारी पातळी गरम झाल्यावर जास्त भरते, कारण तेल फुगतं. तेल जळकट वासाचं, काळं असेल आणि चेंबरच्या चुंबकावर पुडीऐवजी धातूचे तुकडे असतील, तर मी स्वतःच गिअरबॉक्स उतरवा म्हणून सांगतो. तेल आयुष्यभर बदलायचं नाही, हा समजही सोडून द्यावा. तो ज्यांनी पसरवला त्या उत्पादकांपैकी काहींनी पुढे स्वतःच तेल बदलण्याचं वेळापत्रक दिलं.

स्कॅनरवरच्या कोडबद्दल थोडंच. पी ०७०० म्हणजे गिअरबॉक्सच्या युनिटने इंजिनाच्या युनिटला ‘माझ्याकडे काही नोंद आहे’ एवढं कळवलेलं असतं. पी ०७१५ म्हणजे आतल्या शाफ्टचा सिग्नल अपेक्षेप्रमाणे आला नाही. तो सेन्सरपाशी हरवला, वायरीत हरवला की युनिटच्या पिनेवर, हे कोडला माहीत नसतं. ते शोधणं माणसाचं काम आहे.

कोकणात आणि मुंबईत हा विषय जास्तच जिव्हाळ्याचा आहे. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, तुंबलेले रस्ते. गरम गिअरबॉक्स अचानक पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करण्याच्या वाटेने, पाणी आत ओढलं जातं. सील थकलेल्या कनेक्टरमध्येही हेच घडतं. पाणी मिसळलेल्या तेलाने क्लचवर चिकटवलेलं अस्तर सुटतं, म्हणून पाण्यातून काढलेल्या गाडीचं तेल लगेच पाहावं, ‘चालतेय ना’ म्हणून थांबू नये. उंदीर वायरी कुरतडतात हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण आपण स्वतः केलेलं नुकसान त्याहून कमी नाही. प्रेशरच्या पाण्याची धार थेट कनेक्टरवर मारणं. टेस्ट लॅम्पची सुई वायरीच्या आवरणातून खुपसणं, म्हणजे त्या भोकातून पहिल्या पावसात पाणी शिरून तांबं हिरवं पडेल. आणि मल्टिमीटरची जाड टोकं टर्मिनलच्या तोंडात कोंबणं. या शेवटच्या सवयीचा मला फार राग आहे. टर्मिनलची पकड त्याने कायमची सैल होते, आणि पूर्वी नसलेला लूज कॉन्टॅक्ट तपासणीतूनच जन्माला येतो. पातळ सुई सीलच्या बाजूने, मागून घालावी. पकड तपासायची तर त्याच मापाची सुटी पिन घालून किती ओढ लागते ते पाहावं. सॅंडपेपर अजिबात नको, मुलामा निघून जातो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा, वाळू द्यावा, सीलला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा.

नव्या गाड्यांत तर कंट्रोल युनिट गिअरबॉक्सच्या आतच, तेलात बसवलेलं असतं, मग ही वायरिंगची चर्चा जुन्या गाड्यांपुरतीच नाही का, हा दुसरा आक्षेप. आतल्या जोडांना गिअरबॉक्स किंवा चेंबर उघडल्याशिवाय हात लागत नाही, हे खरं. पण त्या युनिटलाही बाहेरून बॅटरी, अर्थिंग आणि कॅनच्या, म्हणजे युनिटांना आपसांत जोडणाऱ्या संदेशवाहिनीच्या, दोन वायरी लागतातच, आणि त्या तपासायला काही मिनिटं पुरतात. बॅटरीचा निगेटिव्ह काढून कॅनच्या दोन वायरींमध्ये मीटर लावला तर ६० ओमच्या आसपास यावेत, कारण दोन टोकांना १२०-१२० ओमचे रोध समांतर असतात. १२० आले तर एक टोक कुठेतरी सुटलं आहे. हे न पाहता आख्खा मेकॅट्रॉनिक, म्हणजे व्हॉल्व्ह बॉडीसकट आतलं कंट्रोल युनिट, मागवणं मला अक्षम्य वाटतं.

तिसरा आक्षेप गॅरेजवाल्यांचा, आणि तो पैशांचा आहे. ग्राहक पार्टचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. दोन तास वायरी मोजून तीनशे रुपयांचा बुश बसवला, तर बिल कशाचं लावायचं? ही अडचण खरी आहे आणि ती मिस्त्रीच्या कसबाने सुटणारी नाही; ग्राहकानेच शोधण्याची मजुरी मोकळेपणाने दिली पाहिजे. त्या बदल्यात त्याने बिलावर आकडे मागावेत: कुठल्या जोडावर आधी किती व्होल्ट पडत होता, दुरुस्तीनंतर किती, तेव्हा तेल किती अंशांना होतं. गिअरबॉक्स उतरवायचाच असं ठरलं, तरी हे आकडे आधी हातात असावेत.