काकाजींचा काटा

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन : एक बाजार, दुसरे रेल्वे. "बाजार त्यांच्या वाट्याला गेला, म्हणून आपल्याला गाडी मिळाली," असे चांदूर रेल्वेचे काकाजी पाहुण्यांना अत्यंत गंभीरपणे सांगत.

उन्हाळ्याच्या सुटीत पुतण्या-भाच्यांचा तांडा स्टेशनावरून घरी आला की काकाजी प्रत्येकाला दुकानातील धान्याच्या काट्यावर उभे करीत आणि वजन वहीत मांडीत. परतताना पुन्हा वजन होई. वाढलेला भार 'शिरा-पुरीची बाकी' म्हणून वडिलांच्या नावे पडे. सायंकाळी चौविहाराची वेळ झाली की ते ताट वाजवून पुकारीत, "शेवटची गाडी सुटते आहे!" अंगणातला खेळ टाकून सारी मुले पानावर धावत.

एका वर्षी मात्र अंगाने भरलेल्या एका पुतण्याच्या वजनावर गिऱ्हाइकांदेखत विनोद झाला. सारे हसले, तो हसला नाही. त्या संवत्सरीला दहा वर्षांच्या त्या मुलाच्या नावे स्वतंत्र पोस्टकार्ड आले : "मिच्छामि दुक्कडम्. तुझे वजन पाहिले, मन पाहिले नाही." पुढच्या सुटीत काकाजी स्वतः काट्यावर चढले आणि वही त्याच्या हाती दिली.

आज काकाजी नाहीत. तो पुतण्या आता पेढीच्या गादीवर बसतो. ते पोस्टकार्ड त्याच्या तिजोरीत आहे. संवत्सरीला थोरांची क्षमा आधी मागण्याची घरची रीत. तो मात्र पहिले हात घरातील सर्वांत लहान मुलापुढे जोडतो.