उभे-आडवे

माणसाच्या आयुष्यातल्या निम्म्या कटकटी उभ्या गोष्टी आडव्या आणि आडव्या गोष्टी उभ्या करण्यातून निर्माण होतात, असं बँकेतल्या वीस वर्षांच्या कारकुनीनंतर माझं ठाम मत झालं आहे. साधं शब्दकोडं घ्या. उभे शब्द मला सुटतात, आडवे शब्द आडवे येतात. आमच्या शहरातल्या हिमरू विणणाऱ्या कारागिरांनी उभा ताणा आणि आडवा बाणा यांचं पिढ्यान्‌पिढ्या जमवून दिलं. मला मात्र बारा फ्लॅटांची एक ओळ धड उभी करता आली नाही.

उस्मानपुऱ्यात, संत एकनाथ रंगमंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आमची तीन मजली इमारत आहे. 2023 च्या एप्रिलात टँकरच्या वर्गणीचा हिशोब कुणी ठेवायचा, असा प्रश्न निघाला आणि बाराही घरांनी माझ्याकडे पाहिलं. बँकेतल्या माणसाला हिशोब येतो, हा समाजाचा गैरसमज आम्ही मंडळींनी मोठ्या कष्टानं जपला आहे. मी नाही म्हणू शकलो नाही.

संगणकावर एक्सेलमध्ये 'जमा' नावाचं पान उघडलं. पहिल्या ओळीत आडवे बारा फ्लॅट, बी पासून एम पर्यंत. खाली एप्रिलचे तीस दिवस आणि बत्तिसाव्या ओळीत प्रत्येकाची बेरीज. पान इतकं देखणं झालं की मी सौ.ला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, आपले पाचशे भरलेत का?" बायकांना सौंदर्यदृष्टी नसते.

अडचण आली ती जिन्यातल्या फलकाची. आमचा फलक उंच आणि अरुंद. आडवी बेरीज त्यात मावेना. ती उभी करायला हवी. मी दहा तारखेला बत्तिसावी ओळ कॉपी केली, 'पेस्ट स्पेशल'मध्ये जाऊन 'व्हॅल्यूज' निवडलं, 'ट्रान्सपोज'वर खूण केली आणि ओळ शहाण्या मुलासारखी उभी राहिली. वीस तारखेला वरची तारीख तेवढी बदलली आणि कागद छापून फलकावर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात नऊ नंबरच्या मावशी. वय पंच्याहत्तरीचं, घरात एकट्या. हातात पाचशेची नोट.

"घे रे बाबा. फलकावर माझ्यापुढे शून्य आहे. जिन्यात कुणीतरी बोललं, काहींना फुकटचं पाणी लागतं म्हणून. मला वाटत होतं मी दिलेत. पण हल्ली विसरायला होतं. दिले नसतील."

मी नोट घेतली. खजिनदार होतो ना! शिवाय फलकावर शून्य होतं, आणि छापील आकड्यापुढे आम्ही बँकवाले लीन होतो. पण रात्री झोप येईना. उठून पावतीपुस्तक काढलं. स्थळप्रत हजर होती : नऊ नंबर, रुपये पाचशे, 12 एप्रिल, आणि खाली माझीच सही. 'जमा'च्या पानावरही पाचशे दिसत होते. फलकावरच्या कागदाला मात्र दहा तारखेनंतर जगात काय घडलं याचा पत्ता नव्हता.

अकरावीतल्या कन्येनं सकाळी निदान केलं. "बाबा, तुम्ही फोटो काढून लावलात. आरसा लावायचा होता."

आरसा लावायला बसलो. 'पेस्ट लिंक' नावाचं बटण त्याच खिडकीत असतं. पण ट्रान्सपोजवर खूण केली की ते मलूल पडतं. एका वेळी दोन सुखं नाहीत! मग हातानं सूत्र लिहिलं : =जमा!बी32. पहिल्या फ्लॅटचा आकडा आला. ते सूत्र खाली ओढलं. मला हवा होता सी32, मिळाला बी33. खाली ओढलं की ओळीचा क्रमांक पुढे सरकतो, स्तंभाचं अक्षर जागचं हलत नाही. तेहतिसावी ओळ रिकामी. त्यामुळे अकरा फ्लॅट एका झटक्यात थकबाकीदार! मग 32 च्या आधी डॉलरचं चिन्ह ठोकून तो जखडला. आता बाराही घरांनी पहिल्या फ्लॅटइतकेच पैसे भरले होते. इमारतीत समाजवाद आला.

शेवटी कन्येनं मला उठवलं आणि लिहिलं : =ट्रान्सपोज(जमा!बी32:एम32). जुन्या आवृत्तीत आधी बारा घरं निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकदम दाबावं लागे. नव्या आवृत्तीत नुसतं एंटर दाबलं की आकडे आपोआप खाली उतरतात. 'जमा'त आकडा बदलला की इकडेही बदलतो. आता छापायचं ते छापायच्या वेळचं खरं.

लुका पाचोलीनं 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंद पद्धत मांडली. बी.कॉम.ला त्यावर टीप लिहून मी गुणही मिळवले होते. एका जागी लिहिलेलं दुसऱ्या जागीही उमटलं पाहिजे, एवढंच त्या टिपेत होतं. ते कळायला मला एका म्हातारीची नोट हातात घ्यावी लागली.

नोट आणि स्थळप्रत घेऊन मी नऊ नंबरला गेलो. मावशींनी नोटेकडे पाहिलंच नाही. चष्मा लावून स्थळप्रत दोनदा वाचली.

"म्हणजे मी विसरले नव्हते!"

"नाही मावशी. मी विसरलो होतो."

"मग बस. चहा टाकते. साखर दीड चमचा ना? बघ, तेही आठवतंय."

संध्याकाळी नवा कागद छापला आणि फलकावर लावला. आता एकाच फ्लॅटपुढे शून्य होतं. मी सूत्र तपासलं. बरोबर होतं. पावतीपुस्तक तपासलं. तेही बरोबर होतं.

खजिनदारानं वर्गणी भरली नव्हती.